गोठ्याच्या मातीतला निळा रंग

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजच्या दारात, सगळ्यात वरच्या खणात, एक परीक्षानळी असते. तिच्यात अगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, तिरप्या थरावर एक जिवाणू वाढतो. तो माझ्या मैत्रिणीच्या घरच्या गोठ्यातला. आम्ही दोघींनी तो मातीतून काढला, तेव्हा एकाच स्टुलावर आळीपाळीने बसायचो, कारण दुसऱ्या स्टुलाचा पाय तुटला होता. आता स्टुलं भरपूर आहेत. ती परदेशात आहे.

मला याद्या करायची सवय आहे. घरी फ्रिजवर किराण्याची, कॉलेजात कपाटाच्या आत रसायनांची, पर्समध्ये त्या दिवसाच्या कामांची. मैत्रीण हसायची. "तुले मरतानाबी यादी लागन वं," म्हणायची. "आधी कोण रडन, मंग चहा कोण मांडन." पण माती गोळा करायला निघालो तेव्हा माझीच यादी उपयोगी पडली. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीमागचा नाला, वणीच्या रस्त्याकडेची कोळशाची धूळ बसलेली माती, कापसाचं शेत, तुरीचं शेत. तिच्या गावचा, बोरी अरबचा, गोठा त्या यादीत नव्हता. ती दिवाळीत घरी गेली आणि आपल्या मनाने चिवड्याच्या रिकाम्या डब्यात गोठ्याची माती घेऊन आली.

आम्ही शोधत होतो ते असं: मातीतले काही जिवाणू अन्न संपत आलं की एखादा पदार्थ तयार करतात आणि तो शेजारच्या दुसऱ्या जिवाणूंना मारतो. आपली बरीच औषधं अशीच मिळालेली आहेत. यादीतल्या मातीतून काही विशेष निघालं नाही. चिवड्याच्या डब्यातल्या मातीतून निघाला तो जिवाणू मात्र पाचव्या-सहाव्या दिवशी रंग सोडू लागला. आधी गुलाबी, मग जांभळा, आणि तो रंग त्याच्या भोवतीच्या अगरमध्ये उतरत गेला. मैत्रिणीने अमोनियाची बाटली उघडून तो वाढवलेली काचेची प्लेट बाटलीच्या तोंडावर उपडी धरली. जांभळा रंग बघता बघता निळा झाला, गणवेशावरच्या शाईच्या डागासारखा. मग तिने जेवणाच्या डब्यातलं लिंबू काढलं, रंग उतरलेला अगरचा एक तुकडा कापून त्यावर पिळलं. तो लाल झाला.

"पाह्य वं," ती म्हणाली. "आमच्या बैलाच्या पायाखाली हे होतं."

जेवणाचं लिंबू प्रयोगशाळेत आणू नये असा नियम मीच लिहून भिंतीला लावला होता. तिला बोलायचं राहूनच गेलं.

त्या वर्षी आम्ही त्या रंगाच्याच मागे होतो. लोणच्याच्या काचेच्या बरणीत गाळणकागदाच्या पट्ट्या टांगायच्या, खाली द्रावण ओतायचं आणि रंग कागदावर किती चढतो ते बघायचं. तो एक रंग नव्हताच, दोन होते, एकाच्या मागे एक चढणारे. त्यातल्या मागच्याने पू करणाऱ्या जिवाणूंच्या प्लेटवर स्वच्छ गोल कडं पाडलं, म्हणजे तेवढ्या जागेतले जिवाणू मारले. पुढचं काम म्हणजे त्या पदार्थाची रचना शोधणं. त्यासाठी लागणारी यंत्रं यवतमाळात नव्हती. तिने अर्ज केले, तिला परदेशात जागा मिळाली. बसस्टँडवर ती म्हणाली, "मी शिकून येतो. मंग आपण दोघी याचं पुरं काढू." आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो' असंच म्हणतात. तिने परदेशात गेल्यावरही ते सोडलं नाही.

ती शिकली. मग तिथे नोकरी, लग्न, मुलगी. यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही राहिले असते. पण नळी इथे राहिली, आणि नळीतला जीव आपोआप टिकत नाही. जुन्या अगरवरून नव्या अगरवर तो पुन्हा पुन्हा हलवावा लागतो. वाळण्याआधी तारेच्या टोकाने थोडा उचलायचा, नव्या नळीत लावायचा, वाढू द्यायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा. हे काम माझ्या यादीत कायमचं आहे. परीक्षांच्या दिवसांत केलं, वीज जायची त्या उन्हाळ्यांत केलं. टाळेबंदीत नळी घरी आणली आणि स्टीलच्या डब्यात, आमच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या शेजारी ठेवली. नवऱ्याने डब्यावर स्वतःच चिठ्ठी लावली: "हे खाऊ नये. हे बायकोचं आहे."

रंग नक्की कधी गेला ते मला सांगता येणार नाही. एकदम गेला नाही. जांभळ्याचा फिकट जांभळा झाला, त्याचा करडा, आणि एका पावसाळ्यानंतर नवी नळी उजेडात धरली तर वाढ नुसती पांढरी, खडूच्या भुकटीसारखी. अमोनिया दाखवला तरी पांढरी. जीव तोच होता. अगरला तशीच घट्ट धरून बसायचा, तारेने खरवडल्याशिवाय निघायचा नाही, ओल्या मातीचा वासही तोच. फक्त रंग करायचा त्याने सोडला होता.

मैत्रीण फोनवर विचारायची, "निळी कशी हाय?" तिच्या लेखी ती नेहमी 'निळी' आणि नेहमी बाई.

"वाढतेय," मी म्हणायचे.

मग गेल्या दसऱ्याच्या सुमारास तिने कळवलं की ती हिवाळ्यात येणार आहे. बोरी अरबचं घर विकायचं आणि वडिलांना नागपूरला भावाकडे न्यायचं. "पन एक पुरा दिवस तुह्या लॅबमध्ये," ती म्हणाली. "सकाळपासून. डबा घेऊन. आपल्या निळीले भेटतो मी."

घर विकल्यावर या जिल्ह्यात तिला यायला काही कारण उरणार नव्हतं. मी त्या एका दिवसाची यादी केली. रंग काढणं, पट्ट्या टांगणं, बरणी धुऊन ठेवणं. आणि सगळ्यात वर: रंग परत आणणं. मला वाटायचं, तिने प्लेट अमोनियावर धरली आणि ती पुन्हा तशी निळी झाली, तर ती निदान दुसऱ्या दिवशीही येईल. त्यापुढचं मी यादीत घातलं नव्हतं, पण मनात होतं.

जुन्या नळीतून काही होईना म्हणून मी मुळाकडे गेले. रविवारी दारव्ह्याच्या बसने बोरी अरबला उतरले. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. तिचे वडील ओट्यावर कापसाच्या सरक्या निवडत बसले होते.

"कायले आली वं पोरी एवढ्या उन्हात? मातीच पाह्यजे होती त फोन कराचा. बसवाल्याजवळ देल्ली असती पिशवी."

"तुम्ही कुठून उकरली असती कोण जाणे, काका."

"माती मातीच राह्यते."

"नाही, मला गोठ्याचीच हवी."

"मंग घे आता गोठा," ते म्हणाले आणि हात पसरून दाखवलं. मागच्या अंगणभर फरशी होती. बैल विकले तसा गोठा मोडला, नातवंडं आली की खेळायला जागा म्हणून फरशी टाकली. कपडे धुवायच्या दगडामागे तेवढा एक कोपरा उघडा राहिला होता. त्यांनी सब्बल, लोखंडी पहार, आणली, मला हात लावू दिला नाही, आणि ढेकूळ काढून माझ्या पिशवीत टाकलं. "घे. अर्धी माती, अर्धी निरम्याची पावडर."

चहा करताना ते म्हणाले, "घर इकाचं म्हणते पोरगी."

"तुम्हाला जायचंय नागपूरला?"

"मले कोन विचारते? तू तिले विचारलं काय?"

"काय विचारायचं?"

"इकडं परत येतं काय म्हणून."

"तिचं काम तिकडे आहे, काका."

"कामं त इथंबी हायेत," ते म्हणाले, आणि कपातला चहा बशीत ओतून माझ्यापुढे केला.

त्या मातीतून पुष्कळ काही वाढलं. पिवळं, राखाडी, एक सुंदर केशरी. निळं काही नाही. एक गुलाबी दिसलं म्हणून मी विद्यार्थिनींना तास संपल्यावर थांबवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तेही विरलं. मग मी पांढऱ्या नळीकडे वळले. अगर बदललं, कमी पोसलं, जास्त पोसलं, ज्वारीच्या पिठाचं अगर केलं, गाळलेल्या मातीचं पाणी घातलं. ज्वारीवर ती फार छान वाढली. पांढरी.

मैत्रीण आली ती दुपारी. ठरलेला पुरा दिवस खरेदीखताच्या कार्यालयात अडकला होता, बाहेर गाडी थांबवलेली, संध्याकाळी नागपूर. वडील गाडीतच बसून राहिले होते, सामानावर हात ठेवून. ती दारातच थांबली.

"दरवाजा तसाच वाजते अजून," ती म्हणाली. मग मला मिठी मारली आणि म्हणाली, "जाडी झाली वं तू."

"तू नाही का?"

"मी त परदेशात जाडी झालो. त्याले पर्सनॅलिटी म्हणतात."

मग तिने हात पुढे केला, जसं काही मी काल दुपारीच नळी तिच्याकडे द्यायची विसरले होते. मी दिली. तिने खिडकीपाशी जाऊन ती उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. मी वाट बघत होते. बरणी घासून ओट्यावर ठेवलेली होती, पट्ट्या कापलेल्या होत्या.

"कवापासून पांढरी हाय?"

"बरेच दिवस."

"हलवताना कुठून उचलतं तू?"

"दाट, ताजी वाढ असते तिथून. सगळ्यात आधी येते ती."

ती हसायला लागली. आधी हळू, मग स्टुलावर बसून. "मंग! रंग कराले ताकद लागते वं. जी रंग करत नाई ते भरभर वाढते. तू दरवेळी तिलेच पुढं धाडलं. रंगवाली मांगं राह्यली. मी काहून रंगाची वाट पाहत आठ-आठ दिवस बसून राहाचो असं वाटते तुले?"

मला तेव्हा वाटायचं ती आळस करते. हे मी तिला सांगितलं तर ती आणखीच हसली, आणि मीही. आम्ही दोघी तशा हसलो त्याला किती काळ लोटला होता ते मला त्या क्षणी कळलं.

"आता शोधाची," ती म्हणाली. "एखांदी मांगं राह्यली असंन लपून." तिने बाह्या वर केल्या, बर्नर पेटवला. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. "थांबा ना बाबा!" ती खिडकीतून ओरडली. तार लाल केली, थंड केली, नळीच्या तळातला, सगळ्यात जुना भाग खरवडून पाण्यात विरघळवला आणि तारेने प्लेटवर त्याच्या रेघा ओढायला लागली. मी दुसऱ्या स्टुलावर बसून तिच्या करंगळीत धरलेलं नळीचं बूच पाहत राहिले. एकेक प्लेट ती माझ्याकडे सरकवायची, मी झाकण लावायचे.

"रंग दिसायला आठवडा लागेल," मी म्हणाले. "उद्या थांबलीस तरी..."

"उद्या नागपुरात, परवा विमान." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटची रेघ ओढली. "तू पाह्य. घाई नोको करू. लवकर येईन ते पाह्यूच नोको. शेवटी जे येईन, बारकं, रोडकं, ते पाह्य."

"तुला काका काही बोलले का?"

"काय?"

"काही नाही."

मग भोंगा पुन्हा वाजला, आणि तिने हात धुतले. दारातून निघताना तिने मागे वळून बरणीकडे बोट केलं. "ते धुवाची कायले मेहनत घेतली?" आणि गाडी नागपूरच्या रस्त्याला वळेपर्यंत मी वरच्या खिडकीत होते.

प्लेटी मी इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. आठवड्याने काढल्या. पांढऱ्या. तिच्या रेघांवरच सगळं वाढलं होतं. ती प्रत्येक रेघेच्या शेवटी तार उचलताना गळासारखा हलका आकडा काढते, ते आकडे तसेच्या तसे उगवले होते, प्लेटभर. तिला फोटो पाठवला. उत्तर आलं, "अजून ठेव."

आमच्याकडे जुन्या प्लेटी आठवड्याच्या वर ठेवत नाहीत. जागा अडते, बुरशी येते, अगर वाळतं. तो नियमही मीच केलेला, आणि मुलींना त्यावरून मी बोलते. तिच्या प्लेटी मी खालच्या फळीवर, मागे सरकवून ठेवल्या आहेत. अगर वाळू नये म्हणून शेजारी पाण्याची वाटी. रोज सकाळी तास सुरू व्हायच्या आधी एकेक प्लेट काढते, भिंगाखाली धरते, आकड्यांच्या कडेकडेने बघत जाते, कुठे काही बारकं मागून येतंय का. आजही पाहिलं. नाही. वाटी तळाला गेली होती. ती भरून ठेवली.