मागच्या दाराची चूल

खानापूरच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात परशराम मृदंग वाजवायचा. त्याचा हात ऐकायला शेजारच्या गावची माणसं यायची. एकोणीसशे चौतीस-पस्तीस साली त्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मांसमच्छी सोडली. घरी येऊन बायकोला, नागुबाईला सांगितलं की आजपासून आपल्या घरात हे शिजणार नाही.

नागुबाईनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या दारी, परड्यातल्या कुडाजवळ तीन दगड मांडले, वर पेंढ्याचं छप्पर घातलं आणि आपली वेगळी चूल पेटवली. भांडीही वेगळी. परशराम दोन दिवस बोलला नाही. मग बोलू लागला. माळ त्याची, चूल तिची, असं त्यांचं चाललं.

पण भजनी मंडळात कुजबुज सुरू झाली. ज्याच्या घरी मासे शिजतात त्यानं देवापुढं मृदंगाला हात लावावा का? काहींना ते पटेना. मंडळाचा प्रमुख म्हातारा आण्णाप्पा. त्यानं परशरामाला बोलावून सांगितलं की एक तर बायकोची चूल बंद कर, नाहीतर मृदंग सोड. परशरामानं मृदंग देवळात ठेवला आणि घरी आला. मृदंग का सोडला ते नागुबाईला सांगितलं नाही.

नागुबाईला पाणवठ्यावर शेजारच्या मालुबाईकडून कळलं. तिला आधी राग आला तो नवऱ्याचा, सांगितलं नाही म्हणून. मग रडू आलं. आपल्याला एका शब्दानं न दुखवता त्यानं स्वतःचा जीव की प्राण असलेली गोष्ट सोडली होती.

एकादशीला भजनाची मंडळी जमली तेव्हा ती डोक्यावरचा पदर सावरून देवळाच्या खांबाशी जाऊन उभी राहिली.

"आण्णाप्पा, माझ्या बानं मलप्रभेत गळ टाकून आमा पोरांना जगवलं," ती म्हणाली. "घरात दाणा नसायचा. त्या माशांवर मी वाढले. आता त्येला पाप म्हटलं तर माझ्या बाला पापी म्हणाय लागंल. ते माझ्यानं व्हणार न्हाय."

कुणीतरी तिला गप्प करायला उठलं. आण्णाप्पानं हातानं त्याला बसवलं. बराच वेळ तो टाळांच्या दोरीशी चाळा करत राहिला. मग त्यानं आपण मांस का सोडलं ते सांगितलं. ते त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"जत्रेसाठी बोकड पाळलेला. माझ्या हातनं खायाचा. त्या दिवशी त्येला दावं बांधाय लागलं न्हाय बघ. माझ्या मागनं आपल्या पायानं आला." म्हाताऱ्यानं टाळ खाली ठेवले. "तवापास्नं घास उतरत न्हाय."

नागुबाई म्हणाली, "मलाबी उतरला नसता."

आण्णाप्पा उठला, मृदंग उचलून परशरामाच्या घरी घेऊन गेला. माळ ज्यानं घातली त्यानं पाळायची, दुसऱ्याच्या चुलीत डोकावायचं नाही, असं त्यानं सगळ्यांना बजावलं. मंडळातले दोघं रागावून दुसऱ्या गावच्या भजनात गेले. त्यातला एक वर्षभरानं परत आला, दुसरा कधीच आला नाही.

त्या दिवसानंतर नागुबाईनं मटण सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांपुढं तो बोकड यायचा, एवढंच. मासे मात्र सोडले नाहीत.

पुढं एकदा तिला हिवतापानं गाठलं. तोंडाची चवच गेली, पेजसुद्धा जाईना. परशराम खानापूरच्या बाजारात गेला आणि गोव्याकडून आलेले सुके बांगडे घेऊन आला. पुडी काठीच्या टोकाला बांधून, अंगापासून लांब धरून, सगळ्या गावातून चालत. लोक हसले. "घरात आजारी हाय, तिला ह्येच जातंय," एवढंच तो म्हणाला. परड्यात बसून, तोंड फिरवून त्यानं बांगडा भाजला. अर्धा करपला. नागुबाईनं तो पेजेबरोबर संपवला.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी बाळाबाई हिला बघायला हिंडलग्याहून पाहुणे आले. वरमाईनं विचारलं, "तुमच्यात खातात, का माळकरी?"

"दोनी हाय," परशराम म्हणाला.

वरमाई गोंधळली. मग पोरगीचं काय, असं तिनं विचारलं. परशरामानं नागुबाईकडं बघितलं, नागुबाई म्हणाली की तिलाच विचारा. बाळाबाईनं मान वर केली.

"मी अजून ठरवलं न्हाय," ती म्हणाली.

वरमाई हसली. "बरं हाय. आमच्याकडं येऊन सवडीनं ठरव."