काच कुणी फोडेना

या गुन्ह्यातल्या कुणाचंही नाव मी देणार नाही. पण एक नाव आधी लिहितो, ते म्हणजे निकम बाई. आमच्या तालुक्याच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दहावी झाल्यावर वडील मला पिठाच्या गिरणीत कामाला लावणार होते. बाई घरी आल्या, आईशी चुलीपुढं बसून बोलल्या, आणि मला वसतिगृहात सोडायला स्वतः एस.टी.नं आल्या. पुढं अंगावर वर्दी आली ती त्यांच्यामुळं. नोकरीत मनाला लागणारं काही घडलं की मी त्यांना पत्र लिहीत असे.

ती काळी गाडी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा माझी नेमणूक चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्यात होती. मे महिन्यातली दुपार. ठाणे अंमलदारानं फोन घेतला आणि माझ्याकडं दिला. पलीकडं एका बाईचा दबका आवाज होता. निघोज्यातल्या एका पत्र्याच्या शेडचा पत्ता तिनं सांगितला. "बाईला गाडीत कोंडलंय. काच फोडा, पण या." नाव विचारलं तशी फोन बंद.

निनावी फोन बरेच येतात आणि त्यातले पुष्कळ खोटे निघतात. पण खोटा फोन करणारा माणूस उपाय सांगत नाही. मी हवालदारांना घेऊन लगेच निघालो.

शेडच्या अंगणात उन्हात ती गाडी उभी होती. परदेशी बनावटीची, महागडी, पण जुनी घेतलेली. भोंगा एका सुरात वाजत होता. कोरड्या काचेवर वायपर फिरत होते. मागचा भाग चाकांवर टेकला होता, म्हैस बसावी तसा. बॉनेटवर कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या माळा. दहा-बारा माणसं लांब गोल करून हात जोडून उभी होती. मागच्या डाव्या काचेला आतून एका बाईचं कपाळ टेकलेलं दिसत होतं.

हवालदारांनी उजव्या बाजूची काच लाठीनं फोडली. काच फुटताच सगळी माणसं मागं पळाली. एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर उपरणं घेतलं. हवालदार मावळातले. ते मला हळूच म्हणाले, "साहेब, बाई जिती हाय, मंग ही भितात कशाला?"

बाई जिवंत होती, पण शुद्ध हरपत चालली होती. तिला रुग्णालयात पाठवलं आणि पंचनामा केला. ती बसली होती त्या बाजूची काच बोटभर खाली आलेली होती, तेही नोंदवलं.

ती विधवा होती. नवरा आजारपणात गेल्यावर थोरल्या दिराकडं राहायला आली होती आणि कंपनीत शिफ्टला जात होती. दीर मराठवाड्यातून येऊन इथं त्या शेडचा, म्हणजे छोट्या वर्कशॉपचा, मालक झालेला. ती आली त्याच सुमारास त्यानं ही गाडी घेतली. आदल्या वर्षी पावसाळा लागला आणि गाडी बिघडली. सकाळी बघावं तर मागून खाली बसलेली. दिवे आपोआप लागायचे. मागचं दार कुणी हात न लावता वर जायचं. घरात कुजबुज सुरू झाली, मग एक देवऋषी आला. त्यानं बोट विधवेकडं दाखवलं. जिनं गाडी धरलीय तिला आत बसवा, भोंगा थांबला की सुटलं समजा, असं त्यानं सांगितलं. भोंगा थांबलाच नाही.

दिराचा जबाब ठाम होता. "मी बसवलं तिला, कबूल हाय. पर लॉक गाडीनं केलं. बटन दाबलं, उघडंना गेली."

खरं सांगतो, मला ते अशक्य वाटलं नाही. जप्त केलेली गाडी ठाण्याच्या आवारात होती. एका संध्याकाळी वळवाची सर आली आणि बंद गाडीचा भोंगा वाजू लागला. मग एकेक काच सावकाश खाली गेली. आत कुणी नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर आमच्याच कुणीतरी तिच्या आरशाला लिंबू-मिरची बांधलेली. कुणी बांधली ते मी विचारलं नाही.

रुग्णालयातून बाईचा जबाब आला. त्यात एक वाक्य होतं, "श्वास कोंडला तेव्हा ह्यांनी काच खाली केली." मी थबकलो. घरच्यांनीच काच खाली केली असेल तर किल्ली चालत होती, आणि हेतूही वेगळा ठरत होता. कलमं बदलावी लागली असती. मी स्वतः जाऊन विचारलं, ह्यांनी म्हणजे कुणी? दिरांनी?

तिनं मान खाली घातली. "न्हाई साहेब. ह्यांनी म्हंजे आमच्या ह्यांनी. गेलेत ते."

मोटार वाहन निरीक्षकांना तपासणीसाठी बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला जवळ बोलावलं. पुढच्या काचेच्या बुडाशी पाणी वाहून जाण्याची पन्हळ असते. ती कुजलेल्या पाकळ्यांनी आणि तांदळांनी गच्च भरली होती. त्या चिखलात झेंडूची रोपं उगवली होती. उजेडाकडं मान वाकवलेली, फिकट, लांब रोपं. वाट तुंबल्यामुळं पाणी आत झिरपून गालिच्याखालच्या विजेच्या पेटीत साचत होतं. गाडी बिथरली की हे लोक तिला धूत, नारळ फोडत, आणखी फुलं वाहत. म्हणजे पुन्हा पाणी आणि पुन्हा पाकळ्या. मागं बसण्याचं कारण वेगळं होतं. हवेवरचे जुने स्प्रिंग गळत होते.

निरीक्षक म्हणाले, "पाणी भोंगा वाजवेल, काच पाडेल. पण आतलं हँडलही चालू नये असं लॉक या गाडीला बाहेरून किल्लीनंच लागतं."

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, बॅटरी गेली तरी दार उघडण्यासाठी. मी तो रिमोट दिरापुढं टेबलावर ठेवला आणि किल्ली ओढून बाहेर काढली. ही माहीत होती का, एवढंच विचारलं.

तो किल्लीकडं पाहत म्हणाला, "माहीत होती."

"मग?"

"गाडी उघडली असती तर आतलं ते भायेर आलं असतं, साहेब. घरात लेकरं हायत."

हे सांगताना त्याचा आवाज शांत होता. खुनशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हा तसा नव्हता. भ्यालेला माणूस दुसऱ्याचा जीव किती सहज देऊन टाकतो, हे मी त्या खोलीत शिकलो. त्यानंतर कुठलाही जमाव हात जोडून उभा दिसला की मी आधी त्यांच्या मधोमध कोण आहे ते पाहत असे.

देवऋषी आणि दीर दोघांवर दोषारोपपत्र गेलं. फोन कुणी केला तेही कळलं. तिच्या जावेनं, म्हणजे दिराच्या बायकोनं, न्हाणीघरात पाणी सोडून आवाज झाकून केला होता.

त्या आठवड्यात निकम बाईंना जे लिहिलं ते इथं देतो.

आदरणीय बाई,
सा. नमस्कार. ती बाई आता बरी आहे. कासारवाडीला खोली घेऊन राहते, कामावर जाते. जाऊ सुटीच्या दिवशी डबा घेऊन येते म्हणे.

काचेचं मात्र मनातून जात नाही. तीच काच नेमकी तेव्हाच बोटभर कशी उतरली, असं मी निरीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, ओल्या पेटीमुळं असं होऊ शकतं. "होऊ शकतं" म्हणाले, "झालं" म्हणाले नाहीत. मी कागदात "वाहनातील बिघाडामुळे काच खाली आली" असं लिहिलं. तिला ते वाचून दाखवलं, कारण जबाब तिचा होता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोर्टापुरतं तसंच असू द्या, साहेब."

मी "बरं" म्हणालो आणि तिची सही घेतली.
आपला विद्यार्थी