ऐबासकट गौरा

उमापूरच्या बाजारपेठेतून चालताना एका जागी माझे पाय अजून मंद होतात. तिथं नागप्पा वाण्याचा तबेला होता. तबेला म्हणजे चार लाकडी खांबांवर टाकलेले पत्रे, एक दगडी गव्हाण आणि भिंतीला अडकवलेलं खोगीर. पण सकाळी तिथून टापांचा आवाज निघाला की बाया म्हणायच्या, आज वार कोणता ते कळलं. नागप्पाचा प्रत्येक वार एका गावाला बांधलेला होता.

नागप्पा लिंगायत वाणी. हिंग, मिरे, दालचिनी, खसखस, सुकं खोबरं असला माल घोडीच्या दोन्ही बाजूंना गोण्यांत घालून तो तीस वर्षं आजूबाजूची खेडी फिरला. गौरा त्याची तिसरी घोडी आणि शेवटची. रंग पिकल्या खारकेचा. चारी पाय गुडघ्याखाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. अशा घोडीला पंचकल्याणी म्हणतात, आणि नवरदेवाला मारुतीच्या पारापर्यंत न्यायला तिच्यासारखं शुभ जनावर नाही, असं आमच्या मुलखात मानतात.

नागप्पाचा एक नेम होता. दाराच्या उंबऱ्यात बाई दिसली की लगाम ओढायचा आणि विचारायचं, "काय वैनी, सासूचा खोकला कसा हाय?" त्यावर बाई काही बोलायची, हा काही बोलायचा, मग गोणीतून हिंगाची डबी निघायची. बाईनं काही घेतलं नाही तरी चार शब्द झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. नऊ वर्षांत हा नेम घोडीच्या अंगात मुरला. नंतर नंतर लगाम ओढावाच लागेना. उंबऱ्यात लुगडं दिसलं की गौरा आपण होऊन थांबायची, कान मागं करून दोघांचं बोलणं ऐकायची, आणि ते संपलं की स्वतःच चालू लागायची.

चौऱ्याण्णव सालापर्यंत सगळं बदललं होतं. रस्ता डांबरी झाला होता. काळ्यापिवळ्या जीपा माणसं कोंबून गेवराईला नेत होत्या. प्रत्येक पानटपरीवर मसाल्याच्या तयार पुड्यांच्या माळा लोंबत होत्या आणि सुना एक रुपयाची पुडी फाडून भाजीत टाकायला शिकल्या होत्या. नागप्पाच्या मुलानं, संगमेश्वरनं, टेलिफोनचं बूथ टाकायचं ठरवलं. त्याला रस्त्यालगतची जागा हवी होती, म्हणजे तबेल्याचीच. त्याच वर्षी नागप्पाचे गुडघे गेले. रिकिबीत पाय घालायला त्याला दगडावर चढावं लागायचं. एक दिवस तो स्वतःच म्हणाला, "विकू. पण घर बघून विकू."

माझं अक्षर बरं, म्हणून पेपरात द्यायची जाहिरात लिहायला मला बोलावणं आलं.

"लिही," नागप्पा म्हणाला. "पंचकल्याणी घोडी विकणे. वय अकरा, दात पूर्ण, चारी नाल नवे. लाथ न्हाई, चावा न्हाई." मी लिहिलं. "आता ऐब लिही. उंबऱ्यात बाई उभी दिसली की थांबती. चार शब्द झाल्याबिगर हालत न्हाई."

संगमेश्वर उसळला. "आप्पा, पेपरात ऐब कोण छापतं? पैसे देऊन आपलीच बदनामी कावून करायची?"

"लोकं पोरीच्या सोयरिकीत ऐब लपवत्यात, कारण पोरीला तोंड असतं, ती बोलून घेईल. जनावराचं आपणच बोलावं लागतं," नागप्पा म्हणाला.

कागद घेऊन संगमेश्वर बीडला गेला. आठवड्यानं पेपर आला. नागप्पानं चष्मा लावून जाहिरात वाचली. पुन्हा वाचली. शेवटची ओळ नव्हती. "छापणाऱ्याला जागा कमी पडली असंल," एवढंच तो बोलला आणि मुलाकडं बघत राहिला. संगमेश्वर बाहेर निघून गेला.

चौथ्या दिवशी कडा गावाकडून एक जीप आली. बबनराव उतरले. पंचवीस एकर बागायत, गावची सोसायटी हातात, पुतण्याचं लग्न तोंडावर आलेलं. त्यांनी घोडीचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, छातीवरचे आणि मानेवरचे केसांचे भोवरे तपासले. कुठं अशुभ खूण नाही. मग नागप्पानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांनी त्याखाली हात घातले.

घोड्याचा भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतात, बघणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसतं. कापड उचललं की सौदा पक्का. आणि ऐब सांगायचा तो कापडाखाली हात असेतोवरच. नंतर सांगितला तर ती फसवणूक.

कापड बराच वेळ हललं, मग थांबलं. बबनराव हसले आणि हात काढू लागले. नागप्पानं तो सोडला नाही.

"ऐब सांगायचा राहिला," तो म्हणाला.

संगमेश्वरनं डोळे मिटले.

ऐब ऐकून बबनराव आणखी मोठ्यानं हसले. "थांबती म्हंजे? थांबू द्या की दोन घटका! चढून बघतो." त्यांनी घोडी पेठेतून काढली. पाहुणा घोडीवर बसलाय म्हटल्यावर घराघरातून बाया उंबऱ्यात आल्या. पहिल्या दारात गौरा थांबली. बबनरावांनी टाच मारली. ती जागची हलेना. शेवटी त्या दारातली म्हातारी म्हणाली, "आवो, कायतरी इचारा! ती इचारल्याबिगर जायाची न्हाई."

"बऱ्या हाव का?" बबनराव गुरगुरले.

"बरी हाय, पर कंबर दुखती."

गौरा निघाली आणि पुढच्या दारात थांबली. अकरा घरांत अकरा सुना-सासवांची चौकशी करून बबनराव घामाघूम होऊन परतले. सगळी पेठ पदर तोंडाला लावून हसत होती.

"आप्पा," ते उतरून म्हणाले, "लगीन गोरज मुहूर्तावर हाय. हिच्यावर नवरदेव बसवला तर मांडवात दुसऱ्या दिवशी पोचंल. आमी आपली जीपच फुलं लावून नेतो." मग जाता जाता नागप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खरं बोललात, राग न्हाई. पर असा धंदा करू नगा."

जीप गेली. संगमेश्वर म्हणाला, "अकरा हजार, आप्पा."

"ठाव हाय. बोटं माझीच होती," नागप्पा म्हणाला आणि खरारा घेऊन घोडीच्या पाठीकडं वळला.

दुसरी जाहिरात द्यायला तो मला घेऊन स्वतः बीडला गेला. ऐबाची ओळ सगळ्यात आधी छापून घेतली. त्यानंतर तीन महिने कुणी फिरकलं नाही. संगमेश्वरनं आणलेली बूथची पिवळी पाटी कडब्याच्या पेंढ्यांवर पडून राहिली. बाप-लेक एका ताटाजवळ बसायचे आणि मीठ मागायलासुद्धा शिवम्माला मध्ये घालायचे. शिवम्मा नागप्पाची बायको. ती दोघांनाही मीठ जास्तच वाढायची.

पोळा झाल्यावर एक उन्हानं रापलेली बाई दारात आली. शिरूर कासारची भिवराबाई कासारीण. नवरा गेल्यावर बांगड्यांचा धंदा तिनं आपल्या अंगावर घेतला होता. मालाला गुंडाळून आलेल्या जुन्या पेपराचा तुकडा तिच्या हातात होता. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवला म्हणाली.

"बाई दिसली की थांबती ती हीच का?"

"हीच. ऐब हाय तो तिच्यात," नागप्पा म्हणाला.

"ऐब कसला, मामा! माझं मागलं तट्टू लई कजाग होतं. इकडं बाईनं हात पुढं केला की तिकडं ते चालाय लागायचं. माझ्या निम्म्या काचा वाटंवर फुटल्यात."

नागप्पानं सवयीनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तसाच उभा राहिला. परक्या बाईचा हात हातात कसा घ्यायचा? आणि बोटांशिवाय भाव करायचा तरी कसा? तीस वर्षांच्या धंद्यात हा पेच त्याला कधी पडला नव्हता.

शिवम्मा उंबऱ्यातून खाली आली. "सरका," म्हणाली आणि आपला पदर पुढं केला.

दोघींचे हात पदराखाली गेले. थोड्या वेळानं शिवम्मा ओरडली, "अगं, भाव कर की! मनगट कावून दाबतीस?"

"सवय हो, मावशी. सव्वादोनचा हात हाय तुमचा."

पदर उचलला तेव्हा शिवम्मानं भाव सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. "साडेपाच. आन् दर संक्रातीला मला बांगड्या भरायला हिनं याच घोडीवरून यायचं." संगमेश्वर काहीतरी बोलणार होता. आईचं तोंड बघून त्यानं खोगीर उचललं आणि स्वतःच्या हातानं घोडीवर बांधून दिलं. नागप्पानं चंदीच्या हरभऱ्याची पिशवी भिवराबाईच्या हातात दिली.

भिवराबाई चढली, लगाम हलवला. गौरा जागची हलली नाही. शिवम्मा पुन्हा उंबऱ्यात जाऊन उभी राहिली होती.

"आत जा गं," नागप्पा म्हणाला. "तू उभी हायेस तोवर ती हालायची न्हाई."

"मग उभी राहते," शिवम्मा म्हणाली.

शेवटी शिवम्मानंच डोळे पुसून विचारलं, "जाशील ना गं नीट?" चार शब्द झाले. गौरा निघाली.

पुढचं दार आलं, ती थांबली. भिवराबाईनं पेटी उघडली. त्याच्या पुढचं दार, त्याच्याही पुढचं. सगळी पेठ त्या दिवशी हिरव्या काचेची झाली. सकाळी निघालेली घोडी उन्हं कलली तरी गावाबाहेर पडली नव्हती. नागप्पा ओट्यावर बसून होता, जेवायलाही उठला नाही. मी शेजारी बसलो होतो. दूर, वेशीजवळच्या शेवटच्या घरापुढं गौरा थांबलेली दिसली.

"आपाकाकूचं दार," नागप्पा म्हणाला. "तिथं येळ लागंल. ती लई बोलती."