हळदीच्या कागदावर घेतलेलं नाव

चैत्रातल्या हळदीकुंकवाला जायला मला आवडतं, पण उखाण्यांचा विषय निघाला की मी पन्हं ढवळायच्या निमित्ताने आत जाते. चार बायका माझ्याकडे बघायला लागल्या की मला स्वतःचं नाव आठवत नाही, तिथे ह्यांचं कुठून तोंडातून निघणार? यंदा तर हळदीकुंकू आमच्याच घरी होतं. मुलाची बदली जयपूरला झाल्यापासून सुनेने पहिल्यांदाच आमच्या मानसरोवर वसाहतीतल्या मराठी बायकांना बोलावलं होतं. खातीपुऱ्याहून एक कर्नलीणबाईही येणार होत्या. त्या उखाणा घेतल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत, असं सून मोठ्या कौतुकाने सांगत होती.

त्याच आठवड्यात मी नातीचा वरण सांडलेला फ्रॉक धूत होते. साबण लागला तसा पिवळा डाग लालभडक झाला. नात दुसरीत आहे. ती दारातून म्हणाली, "आजी, खून."

"रक्त कसलं? हळद आहे. साबण लागला की लाल होते."

"मतलब जादू?"

तिला सांगत बसण्यापेक्षा मी वाटीत हळद कालवून दिली. तिने चित्रकलेच्या वहीचे कागद हळदीने रंगवले आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. मग घरात जे सापडेल ते त्यांवर लावून पाहिलं. दुधाने काही झालं नाही, मिठाने नाही. खायच्या सोड्याचं पाणी लागलं तसा कागद लाल. शेवटी काडीला कापूस गुंडाळून तिने साबणाच्या पाण्याने स्वतःचं नाव लिहिलं.

"आजी, पेन नाही, तरी लिहिता येतं."

"येतं की. तोंडसुद्धा उघडावं लागत नाही," मी म्हटलं, आणि माझं मलाच काहीतरी सुचलं. नातीच्या कानात सांगितलं. ती अशा कामाला कधी नाही म्हणत नाही.

हळदीकुंकवाच्या सकाळी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडल्या, तेव्हा तिने कैरीचा गरही कागदावरच्या लाल अक्षरांना लावून पाहिला. काय झालं ते आम्ही दोघींनी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी बायका जमल्या. एकेकीचे उखाणे झाले आणि कर्नलीणबाई माझ्याकडे वळल्या. "काकू, आता तुम्ही. लाजायचं नाही हं."

सून डाळीची ताटली धरून माझ्याकडे बघत होती. मी नातीला खूण केली. ती ताटात पिवळा कागद, काडी आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन आली. मी ह्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. अक्षरं लाल होत गेली, तशा बायका पुढे सरकल्या.

"आजीने नाव घेतलं," नात म्हणाली.

"हे नाही चालायचं," कर्नलीणबाई म्हणाल्या. "आता वाचून दाखवा."

मी नातीकडे बघितलं. नातीने शेजारच्या पेल्यातल्या पन्ह्यात बोट बुडवलं आणि अक्षरांवरून फिरवलं. नाव पिवळं होऊन गेलं.

"काय वाचायचं?" तिने विचारलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हळदीकुंकवात आजोबांनाच पुसलंस?"

"परत लिहिता येतात ना. साबण आहे."

कर्नलीणबाईंना इतकं हसू आलं की त्यांच्या ओंजळीतले हरभरे सांडले. मग त्यांनीच काडी मागितली. त्यांनी कर्नलसाहेबांना लिहिलं, पन्ह्याने पुसलं, पुन्हा लिहिलं. म्हणाल्या, "घरी एवढं ऐकत नाहीत." बाकीच्या बायकाही कागद मागायला लागल्या. हळद किती घालायची, पातळ करायची की घट्ट, उन्हात वाळवायचं का, सगळ्या मलाच विचारत होत्या. मी सांगत बसले. पन्ह्याचे पेले तसेच राहिले आणि राहिलेले उखाणेही.

बायका गेल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्ही तर आज केवढं बोललात."

"बोलले की," मी म्हटलं. "पण नाव घेतलं का?"