न खाकरता घेतलेला फोटो

"बाई, तुहा दादा उठूनच नाही राहिला..."

शकुनवहिनीचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मी गोंदियाच्या घरी कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावून बसले होते. दुसऱ्याच दिवशी मी तलावाकाठच्या नवेगाव बांध ह्या गावी जाणार होते, दादाकडे. मला आधी वाटलं, वहिनी नेहमीची तक्रार करते आहे. हिवराजदादाची जेवणानंतरची झोप हा आमच्या घरात चेष्टेचाच विषय होता. "पानी शिंपड न तोंडावर," असं मी हसत म्हणालेसुद्धा. मग मागून बायकांच्या रडण्याचा आवाज आला आणि मला कळलं. तो जेवून खाटेवर आडवा झाला होता, तसाच गेला. माझं ते पाण्याचं वाक्य आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

हिवराजदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आम्ही पोवार मंडळी. आमचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून इकडे आले, हे घरातलं प्रत्येक लेकरू ऐकतच मोठं होतं. "माळव्यातून इतक्या दूर आलो, आता ह्या बांधाच्या पुढं मी नाही जात," असं दादा म्हणायचा आणि खरंच गेला नाही. मी शिक्षिका होऊन गोंदियाला गेले. त्यानं गावातल्या स्टँडजवळ फोटो स्टुडिओ टाकला. निळा पडदा, एक स्टूल, भिंतीवर एक आरसा आणि त्याच्या दोरीला अडकवलेला कंगवा. समोर कोणीही येऊन बसलं की पहिली आज्ञा ठरलेली: "चष्मा काढा, काच चमकते." एकदा एका म्हातारीनं चष्मा काढला आणि तिला समोर कॅमेराच दिसेना. "आता पाहू कुठं रे बाबू?" तिनं विचारलं. "आवाज येते तिकडं पाहा, आजी," दादा म्हणाला. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की लग्नाच्या ग्रुप फोटोत कुणी त्यालाच उभं केलं तरी त्याचा हात आधी चष्म्याकडे जायचा. घडी करून चष्मा शर्टाच्या खिशात, मग चेहरा पुढे. वास्तविक चष्म्याविना त्याला स्वतःच्या हाताची बोटं धड दिसत नसत.

त्याचा डीएसएलआर चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा. त्या कॅमेऱ्यानं नवेगाव ते अर्जुनीपर्यंतची किती लग्नं लावली असतील, देव जाणे. पुढे लग्नांमध्ये ड्रोन घिरट्या घालू लागले, लोकांना सिनेमासारखं सगळं हवंसं झालं आणि दादानं एके दिवशी निळा पडदा गुंडाळून ठेवला. मग धानाची शेती आणि पक्षी. कॅमेऱ्याच्या मुठीचं रबर सुटलं तेव्हा त्यानं सायकलची ट्यूब कापून चिकटवली होती. तो हातात घेतला की पंक्चरच्या दुकानासारखा वास यायचा. आणि त्याचा आवाज! खटाक. आतला आरसा वर उडायचा आणि खाली पडायचा, तो आवाज बांधाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाई. दादाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सारसांची एक जोडी उतरायची. खटाक झालं की दोघं एकदम माना वर करायची, दादाकडे पाहायची आणि पुन्हा खाली घालून चरू लागायची. "हजेरी लागली," दादा मला म्हणायचा. मी बाई शाळेतली, म्हणून मुद्दाम.

मी निवृत्त झाले तेव्हा मुलानं मला मिररलेस कॅमेरा घेऊन दिला. त्यात आरसाच नाही. हलका, एका हातात मावणारा, पाखराचा डोळा स्वतः शोधून त्यावर हिरवी चौकट ठेवणारा, आणि सांगितलं तर अजिबात आवाज न करता सेकंदाला वीस फोटो काढणारा. मी तो घेऊन पहिल्यांदा दादाकडे गेले त्या दिवशी ओसरीवर आमचं जे जुंपलं, ते पुढं दोन वर्षं थांबलं नाही. त्यानं डोळा लावून तलावाकडे पाहिलं आणि लगेच कॅमेरा खाली घेतला.

"हा तं टीव्ही हाये वो बाई. माह्या कॅमेऱ्यातून मी तलाव पाह्यतो. तुह्या कॅमेऱ्यात तलावाचं चित्र पाह्याचं, न् मंग त्याचा फोटो काहाडाचा."

"न् संध्याकाळी तुले काय दिसते त्या आरशातून? मले सारं उजेडावानी दिसते."

"अंधार पडला तं अंधारच दिसला पाह्यजे न!"

मी त्याला आकडे सांगायची, तो मला बॅटरी दाखवायचा. माझी दुपारपर्यंत संपे, त्याची दोन दिवस पुरे. शेवटी हरला की तो एकच हुकमी वार करी. "तुह्या कॅमेऱ्याले आवाज बंद कराचं बटन हाये, तुले कायले नाही देल्लं?" कारण मी बोलत राहते. हा माझा जन्मजात दोष आहे. वर्गात मला तास पुरायचा नाही, तर बांधाच्या पाळीवर काय पुरणार. पक्षी उडाले की दादा माझ्याकडे नुसतं पाहायचा.

एक गोष्ट मात्र तो वाद घालताना म्हणायचा नाही, हळूच म्हणायचा. चहाचा कप खाली ठेवून, तलावाकडे पाहत. "बटन दाबलं का आरसा वर जाते न् डोऱ्यापुढं अंधार होते. म्हंजे जो फोटो आला, तो मी पाह्यलाच नाही. त्याच्या आधीचं पाह्यलं, न् मागचं पाह्यलं. मधातलं त्याचं त्याच्यापाशी..." मला तेव्हा वाटे, जुन्या मशीनचा दोष आहे आणि हा त्याचं कीर्तन करतो आहे. आता त्या मधल्या अंधाराबद्दल मी फार विचार करते. धुक्याच्या सकाळी तलावावर पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळायचं नाही, कोळ्याची एखादी डोंगी, लहानशी नाव, मधेच आभाळात तरंगल्यासारखी दिसायची आणि त्यात ते एकच खटाक. मग पुन्हा सगळं पांढरं, मऊ, गप्प. अशा सकाळी मला वाटायचं की आम्ही दोघं कुणाच्या तरी झोपेत बसलो आहोत.

मागच्या वर्षी भादव्यात सारसांनी त्याच्या बांधीत घरटं केलं. मी एकटीच धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या कडेच्या उंचवट्याच्या, आडोशानं सरकत सरकत गेले, फार जवळ गेले, आणि आवाज बंद ठेवून चाळीसेक फोटो घेतले. पाखरांना पत्ताही लागला नाही. मी नाचतच ओसरीवर आले. दादानं सगळे फोटो पाहिले, एकेक, सावकाश.

"फोटो मस्त हायेत," तो म्हणाला. "पन तू आली होतीस, हे त्याइले माहीतच नाही."

"मंग? अर्ज देऊन जाऊ का?"

तो हसला नाही. आमच्याकडे पुरुषमाणूस कुणाच्याही अंगणात शिरताना आधी खाकरतो. आत कुणी बाई न्हात असेल, लेकराला पाजत असेल, पदर टाकून वाऱ्याला बसली असेल. खाकरल्यानं तिला सावरायला दोन क्षण मिळतात, मग तो 'हायेत का घरी?' म्हणतो. मी जन्मभर अशी खाकरणी ऐकली आहेत. माझ्या सासऱ्यांचं, शेजारच्या काकांचं, दुधवाल्याचं खाकरणं मी आजही वेगवेगळं ओळखीन. "माहा कॅमेरा खाकरते," दादा म्हणाला. "त्याइले पिल्लू मागं घ्याचं असंन तं घेता येते. तू न खाकरता घरात घुसली, बाई." मग म्हणाला, "माहा फोटो कधी असा नोको घेजो. घेशीन तं सांगून घेजो." मी फणकाऱ्यानं म्हटलं, "तुहा फोटो कोन घेते? पाह्य तोंड आरशात." पण वचन दिलं. आणि त्या दिवसापासून पाखरांच्या बाबतीत मी आवाज चालू ठेवू लागले, त्याला न सांगता.

वचन मी पौषात मोडलं. आमची ती शेवटची भेट ठरणार आहे, हे कुणाला ठाऊक होतं? आम्ही पाळीवर बसलो होतो. धुकं वितळत होतं, पाण्यावर बदकांचे ठिपके दिसू लागले होते. मी सुनेबद्दल काहीतरी सांगत होते, बरंच लांबण लावून. बोलता बोलता उभी राहिले, बाजूला गेले आणि मागं वळून पाहिलं. दादा घोंगडीत बसला होता, मांडीवर तो जुना कॅमेरा, दोन्ही हात त्याच्यावर, चेहरा पाण्याकडे. इतका शांत, की मला त्याच्याबद्दलच भीती वाटली. मी आवाज बंद केला आणि एक फोटो घेतला. एकच. हिरवी चौकट त्याच्या डोळ्यावर एका झटक्यात जाऊन बसली. एरवी कॅमेरा सहज त्याच्याकडे वळला, की त्याच्या जाड भिंगांवर ती घसरत राही. मशीन शहाणी आहे, असं मला वाटलं. मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि येऊन बसले. सांगेन नंतर, असं मनात म्हटलं... ते राहूनच गेलं.

तेरवीला गेले तर फुलांच्या हारात आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला. डोळे तारवटलेले, ओठ आवळलेले, दादा कुठल्या तरी गुन्ह्यात सापडल्यासारखा दिसत होता. ज्यानं साऱ्या गावाचे चेहरे काढले त्याचा स्वतःचा धड एक फोटो घरात नव्हता. ग्रुप फोटोतून कापून काढलेले सगळे अंधुक निघाले होते. "काय करता बाई, दुसरा नव्हताच," वहिनी म्हणाली. माझ्या पर्समध्ये कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड होतं, पाळीवरचा तो फोटो असलेलं. आणि मी बोलले नाही. एवढी बडबडी मी, पंगतीत खाली मान घालून वरण-भात खाल्ला आणि निघून आले. चोरीचा माल देवघरात कसा ठेवायचा, हे मला कळत नव्हतं. त्यानं मला एकच गोष्ट मागितली होती.

पुढचे पाच आठवडे मी तो फोटो उघडलाच नाही. झोपेत मात्र दादा पाळीवर बसलेला दिसायचा, पाठमोरा, आणि मी खाकरायला गेले की घशातून आवाज फुटायचा नाही. शेवटी मागच्या पंधरवड्यात फोटो छापून घेतला, सकाळची बस धरली आणि नवेगावला जाऊन वहिनीसमोर ठेवला. सगळं सांगितलं. वचन, पाळी, बंद केलेला आवाज. वहिनी फोटो घेऊन दाराच्या उजेडात गेली. मला वाटलं, आता रडेल किंवा मला बोलेल, आणि दोन्ही मला हवं होतं.

"चष्मा कुठं हाये?" ती म्हणाली.

मी उठून पाहिलं. दादाच्या नाकावर चष्मा नव्हता. तो घडी करून शर्टाच्या खिशात होता, घोंगडीच्या काठातून एक दांडी वर आलेली. महिनोन्‌महिने हा फोटो माझ्याकडे होता आणि मी फक्त ती हिरवी चौकट पाहिली होती. बिनचष्म्याचा दादा पाण्याकडे पाहत होता. त्याला पाणी दिसत नव्हतं, बदकं दिसत नव्हती, काहीच दिसत नव्हतं. तो फोटोसाठी बसला होता.

"त्याइले ठाऊक होतं," वहिनी म्हणाली.

"पन आवाज तं झालाच नव्हता, वहिनी. कसं ठाऊक असंन?"

"तू बोलता बोलता गप्प झाली असशीन न." पदरानं तिनं फोटोची कड पुसली. "तू गप्प कधी होतेस वो बाई? फोटो घेतानाच तं होतेस."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि रडले. तेराव्याला रडायचं राहिलेलं सगळं.

दुपार कलल्यावर वहिनीनं खुंटीवरचा कॅमेरा काढला. ती दर रविवारी त्याची बॅटरी चार्ज करते, दादा करायचा तशी. चार्जरचा लाल दिवा लागलेला असला की घर भरल्यासारखं वाटतं, म्हणाली. आम्ही दोघी उन्हाळी धानाच्या बांधीकडे गेलो. जोडी पलीकडच्या टोकाला चरत होती. वहिनीनं आयुष्यात कधी बटण दाबलेलं नव्हतं. मी तिच्या हातात कॅमेरा दिला, बोट जागेवर ठेवलं. तिनं डोळे गच्च मिटून दाबलं. खटाक.

फोटोत नुसतं आभाळ आलं आणि खाली धानाची एक तिरपी हिरवी रेघ. पण तिकडे दोन्ही सारसांनी माना वर केल्या, आमच्या दिशेनं पाहिलं, आणि ओळखीचं माणूस आलं आहे अशा थाटात पुन्हा खाली घालून चरू लागले.

"काऊन गप्प झाली वो बाई?" वहिनीनं विचारलं. मग माझ्याकडे वळून पाहिलं, माझ्या हातात कॅमेरा नव्हता, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.