लग्नात उभं राहणारी माणसं

'कट्.' प्लास्टिकच्या खुर्चीचा मागचा पाय मोडतो तेव्हा एवढाच आवाज होतो. मी तो पहिल्यांदा ऐकला त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. तिरुवैयारूला एका लग्नात नवरीचे अंगाने भरलेले मामा खुर्चीसकट खाली आले आणि त्या आवाजामागून सगळा मांडव हसला. मी धावत गेलो आणि विचारलं, "खुर्ची गेली का?" मामा उठले, धोतर झटकलं आणि न जेवता बस पकडून घरी गेले.

आमचा धंदा खुर्च्या, भांडी आणि मांडव भाड्याने देण्याचा. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत गोडाऊन आहे. या धंद्यात किस्से खुर्च्यांसारखेच साचतात. एकात एक बसतात, उंच होत जातात, आणि मधलाच एखादा ओढायला गेलं की सगळी रास हलते. मी फारसा बोलणारा माणूस नाही. पण यातले वरचे पाच-सहा किस्से मंजुळाचे आहेत, आणि ते मी सांगितले नाहीत तर ती स्वतः काही सांगायची नाही.

मंजुळा आमच्या शेजारच्या सुंदररावांची मुलगी. बी.कॉम. झालेली, वय एकतीस. अंगाने जाड. हा शब्द मी आधी तोंडात धरून ठेवायचो. 'बरी आहे', 'खात्यापित्या घरची आहे' असं काहीतरी म्हणायचो. तिनेच एकदा मला सोडवलं.

"मामा, जाड म्हणा की. तुमच्या टेम्पोवाल्या पळनीला उंच म्हणता तेव्हा घसा खाकरता का?"

तिला एकच गोष्ट हवी होती. बायपासजवळच्या मोठ्या कल्याण मंडपमला, म्हणजे लग्नाच्या हॉलला, मॅनेजर पाहिजे होता. तिने अर्ज केला. तिथले मालक, त्यांना सगळे मुदलाळीच म्हणतात, तिच्याशी तासभर बोलले. कुठल्या लग्नाला किती तांदूळ, किती पानं, वीज गेली तर काय, सगळं तिने चोख सांगितलं. मग मुदलाळी म्हणाले, "कामात तू पक्की आहेस. पण मॅनेजर दारात उभा राहतो, अम्मा. पाहुण्याला सगळ्यात आधी तोच दिसतो. तू आत स्टोअर सांभाळ."

"दार देणार असाल तर येते," मंजुळा म्हणाली.

तिथून ती सरळ आमच्या गोडाऊनला आली. "मामा, दार मिळेपर्यंत तुमच्याकडे काम करते."

* * *

पहिल्याच आठवड्यात मी एक चूक केली.

मला वाटलं, आमच्या खुर्च्या नाजूक, पोरीला त्रास नको. म्हणून मी वेल्डिंगवाल्याकडून एक लोखंडी स्टूल करून घेतलं, त्याला निळा रंग दिला आणि तिच्या टेबलामागे ठेवलं. ती त्यावर दिवसभर बसली. मी मनात खूश.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर मंजुळा जमिनीवर चटई टाकून बसलेली, मांडीवर वही.

"का गं? स्टूल टोचतं का?"

"नाही मामा. स्टूल चांगलं आहे. पण इथे पाचजण काम करतो. चौघांना खुर्ची आणि मला लोखंड."

ती रागाने बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी ते स्टूल दिवाबत्तीवाल्या माणसाला देऊन टाकलं. तो त्याच्यावर चढून माळा लावतो. त्याच कामाचं होतं ते.

* * *

पळनी आमचा टेम्पो चालवतो. छत्रीच्या काडीसारखा माणूस, पण तोंड मोठं. मंजुळा टेम्पोत बसली की हा खाली उतरून मागचं टायर बघायचा. रोज. आणि रोज मांडव बांधणारी माणसं हसायची.

एका सकाळी मंजुळाने अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. एक गोडाऊनच्या आतली, एक गच्चीवरची. गच्चीवर आम्ही जागा नाही म्हणून शंभरेक खुर्च्या वर्षानुवर्षं उन्हात ठेवत होतो. दोन्ही खुर्च्या एकाच रंगाच्या, एकाच वेळी घेतलेल्या.

ती आतल्या खुर्चीवर बसली. नुसती बसली नाही, मागे रेलली, एका बाजूला वळून पाण्याची बाटली घेतली, पाणी प्यायली. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.

"पळनी, तू ये. त्या दुसऱ्या खुर्चीवर बस."

पळनी ऐटीत बसला. कट्. मागचे दोन्ही पाय गेले आणि पळनी आभाळाकडे बघत राहिला.

मंजुळा उठली, त्याला हात देऊन उभं केलं आणि त्याच्या पाठीला लागलेली माती झटकून म्हणाली, "लागलं नाही ना? उन्हाने प्लास्टिक कडक होतं, मोडतं. माणसाचा काही संबंध नाही."

आम्ही त्या दिवशी गच्चीवरच्या सगळ्या खुर्च्या भंगारात काढल्या. संध्याकाळपर्यंत मला दुसरं काही सुचेना. तिरुवैयारूचे ते मामा गेले असतील एव्हाना. त्यांना कुणी सांगितलं असेल का, की खुर्ची उन्हात ठेवलेली होती, आणि ती मी ठेवली होती?

पळनीने टायर बघणं सोडलं. परवा एका नवीन माणसाने मंजुळाबद्दल काही म्हटलं तर पळनी त्याला म्हणाला, "गच्चीवर चल जरा."

* * *

कापणीच्या दिवसांत मंजुळाचा उजवा कान दुखायला लागला. तिची आई गावाला होती, म्हणून मी बरोबर गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि वजनकाट्याकडे बोट केलं.

"कान दुखतोय," मंजुळा म्हणाली.

"हो, पण आधी वजन. वीस किलो कमी करा. भात बंद, गोड बंद, रोज चालणं." कागदावर सगळं लिहून झालं.

मंजुळाने कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. "हे मी घरी नेऊन वाचते, डॉक्टर. आता कान बघा."

"वजन उतरलं की बऱ्याच गोष्टी—"

"मी उठत नाही, डॉक्टर. बाहेर बरीच माणसं थांबली आहेत. तुमचा वेळ जातोय."

मी दाराकडे बघत होतो. आयुष्यात डॉक्टरांपुढे मी 'सरी', म्हणजे 'बरं', याशिवाय शब्द काढला नव्हता. ही बसली होती देवळातल्या नंदीसारखी शांत. शेवटी डॉक्टरांनी बॅटरी घेतली, कानात बघितलं आणि चिमटा मागवला. निघालं काय, तर भाताचं एक तूस. मळणीच्या वाऱ्याने उडून कानात गेलेलं असणार.

नर्सने ते कापसावर ठेवून दाखवलं. मंजुळाने वाकून ते बघितलं.

"एवढंच वजन कमी करायचं होतं," ती म्हणाली.

डॉक्टर आधी हसले नाहीत. मग हसले. आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो वीस किलोंचा कागद तिच्याकडून परत मागून घेतला.

* * *

हा पुढचा किस्सा मी कुणाला सांगितला तर लोक म्हणतात, यात काय एवढं. मला मात्र अजून नवल वाटतं.

वल्लम रोडला एका लग्नात आमच्या चारशे खुर्च्या होत्या. मी मागे उभा राहून बघत होतो, कुठे कमी पडतायत का. खुर्च्या रिकाम्याही होत्या. मंजुळा शेजारी येऊन थांबली.

"मामा, उभं कोण आहे ते बघा."

"काम करणारी माणसं असतील."

"नीट बघा."

मी बघितलं. खांबाला टेकून एक जाड बाई, कडेवर कुणाचं तरी मूल घेऊन. पंख्याजवळ एक जाड गृहस्थ, फोनवर बोलल्यासारखे. जिन्यापाशी कॉलेजातली एक मुलगी, सारखी 'आत्ताच बसून उठले' असं म्हणणारी. आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या. चाळीस वर्षं मी लग्नं बघतो आहे. या माणसांना मी रोज बघत होतो आणि मला वाटायचं, किती कामाची माणसं, एक मिनिट बसत नाहीत.

"फोन लागलेला नाहीये त्यांचा," मंजुळा म्हणाली. "मीही तसंच करते."

पुढच्या महिन्यात एक जुनी शाळा बंद झाली, तिथल्या मास्तरांच्या सागवानी खुर्च्या आम्ही आणल्या. रुंद, बिनहाताच्या, चोवीस. मी म्हटलं, पहिल्या रांगेत एका बाजूला मांडू आणि पाटी लावू, म्हणजे ज्यांना पाहिजे त्यांना कळेल.

मंजुळाने कपाळाला हात लावला. "पाटी लावलीत तर एकही माणूस बसणार नाही. मी तर नाहीच. सगळीकडे पेरा, मामा. भात पेरतो तशा."

पेरल्या. वल्लम रोडलाच पुढचं लग्न होतं, तिथे खांबाजवळ दोन, पंख्याखाली तीन, जिन्यापाशी एक, अशा सगळीकडे. अर्ध्या तासात चोवीसच्या चोवीस भरल्या. त्यावर पोटुशा बाया बसल्या, गुडघे दुखणारे म्हातारे बसले, पोराला मांडीवर घेतलेला एक पोलीस बसला. आणि ते फोनवाले गृहस्थ, तेही या लग्नाला आले होते. त्यांनी आधी हाताने खुर्ची दाबून बघितली, मग हळूच टेकले, मग पूर्ण बसले. मग डोळे मिटले.

मी मागे वळलो तर मंजुळा तिथे नव्हती. ती भांडी मोजायला गेली होती.

* * *

मधल्या काळात मंडपमला दोन मॅनेजर आले आणि गेले. दोघंही दिसायला फार छान. एकाने एकाच मुहूर्तावर दोन लग्नं घेतली. दुसरीने ऐन जेवणाच्या वेळी फोन बंद केला. मुदलाळींच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं तेव्हा मंजुळाला निरोप आला. एक दिवस दार सांभाळ, पुढचं नंतर बघू.

आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "मामा, त्या हॉलमध्ये अम्मांना कधी बसलेलं बघितलंय?"

अम्मा म्हणजे मुदलाळींची बायको. त्याही जाड आहेत, मंजुळापेक्षा जास्त. मी आठवून बघितलं. हॉल बांधल्यापासून मी तिथे जातो. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात, खांबामागे, जिन्याखाली. बसलेल्या कधीच नाहीत. त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा नाही. लग्नाआधी मुलं आईबापांना स्टेजवर बसवून त्यांचे पाय धुतात, ती पाद्यपूजा. स्टेजवर मुदलाळींच्या आवडीची दोन मखमली सिंहासनं असतात, दोन्ही बाजूंना सोनेरी हात, मधे जागा अरुंद. अम्मा म्हणाल्या होत्या, गुडघा दुखतो, मी उभीच राहते. मुलीने उभ्या आईचे पाय धुतले. मागच्या रांगेत कुणीतरी बोललं, सिंहासन लहान पडलं, आणि रांग हसली. अम्मांनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

हे सगळं मी मंजुळाला सांगितलं. ती फक्त "सरी" म्हणाली.

सकाळी साडेपाचला पळनीने आणि तिने दोन्ही सिंहासनं उचलून पडद्यामागे ठेवली आणि त्या जागी आमच्या दोन सागवानी खुर्च्या मांडल्या. मग मंजुळा चापूनचोपून नेसलेल्या हिरव्या कांजीवरममध्ये दारात जाऊन उभी राहिली. समोर टेबलावर तबकात चंदनाची वाटी, कुंकू, खडीसाखर. गुलाबपाणी शिंपडत ती प्रत्येकाला नावाने आत घेत होती. दोनशे माणसांची नावं तिने पाठ केली होती.

सातला मुदलाळी स्टेजवर आले. नाद‌स्वरम् चालू होतं, तरी त्यांनी मला मारलेली हाक दारापर्यंत गेली.

"राव, माझ्या स्टेजवर शाळेतल्या खुर्च्या कुणी आणल्या?"

मी पुढे झालो, पण माझ्या तोंडातून शब्द यायला नेहमीच वेळ लागतो. तोवर मंजुळा येऊन उभी राहिली.

"मी आणल्या, अय्या."

"सिंहासनं परत आण. आणि मग दारात जाऊ नकोस. घरी जा."

सगळा हॉल ऐकत होता. मंजुळाचा चेहरा लाल झाला, पण आवाज तसाच राहिला.

"आणते. आधी अम्मांना विचारून घेते, त्यांना कुठली हवी."

मुदलाळींनी मान वळवली. त्यांच्याबरोबर पहिल्या रांगेनेही वळवली. अम्मा खांबामागे होत्या. त्यांनी पदर सारखा केला, तीन पायऱ्या सावकाश चढल्या, आणि बसल्या. पाठ टेकवली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. दोन्ही बाजूंना जागा उरली होती.

मुदलाळी तसेच उभे होते. अम्मांनी शेजारच्या खुर्चीवर हाताने थोपटलं.

"बसा ना. मुहूर्त चाललाय."

ते बसले. मुलगा पायाशी बसला, चांदीच्या ताटात आईचे पाय घेतले आणि पाणी घातलं. तो बराच वेळ पाय धूत होता. भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं.

माळा झाल्या, मंगळसूत्र झालं, अक्षता पडल्या. मंजुळा दारापाशी टेबलाजवळ उभी होती, पण पर्स खांद्याला अडकवून. घरी जा म्हटलं होतं ना. मी तिच्याबरोबर जायला म्हणून चपला शोधत होतो.

गर्दीतून मुदलाळी आले. मंजुळाने पर्सचा पट्टा घट्ट धरला. त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडवला, हॉलच्या सगळ्या दारांचा, चंदनाच्या तबकात खडीसाखरेशेजारी ठेवला, आणि जेवणाच्या पंगतीकडे चालत गेले.