आधी काठी, मग हात

बयाबाई पोरांना मारते, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको, की गुरुजींनी तिची देवी करून ठेवली.

नेसरीच्या पुढं चंदगडच्या अंगाला, जंगलाच्या कडेला आमच्या शाळेचं गाव. शाळा चौथीपर्यंत, पोरं तेवीस, मास्तर दोन. त्यातला मी एक, बसवेश, गडहिंग्लजहून रोज एसटीनं येणारा. पाचला शाळा सुटली की पोरं घरी जात नाहीत, फाटकाशी उभ्या असलेल्या बयाबाईच्या मागं लागतात. पंचावन्नच्या आसपास वय, काष्ट्याचं लुगडं, कमरेला कोयता, हातात काठी, मागं तिचा कुत्रा भुऱ्या. पावसाळ्यात ती पोरांना भाताचं रोप लावायला शिकवते. भाद्रपदात कुठली अळंबी खायची आणि कुठलीला हातही लावायचा नाही, ते दाखवते. चैत्रात काजू आणि करवंदं. कार्तिकात भात कापून झालं की तिच्या शेतात पोरं पडलेल्या लोंब्या वेचतात, त्यांच्या जुड्या बांधून शाळेच्या ओट्यावर चिमण्यांसाठी टांगतात. हे सगळं ती आपखुशीनं करते. मी ते अहवालात 'अनुभवातून शिक्षण' म्हणून लिहितो आणि शाबासकी खातो.

तिचा नियम एकच. आधी काठी, मग हात. गवतात, पेंढ्यात, पाचोळ्यात हात घालण्याआधी तिथं काठी आपटायची. तिचा नवरा भाताची पेंढी उचलायला वाकला आणि पेंढीखाली घोणस होती. तिसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून ती प्रत्येक पोराच्या हातात काठी देते, आणि जो आपटायला विसरतो त्याच्या बोटांवर तिची काठी बसते. पोरांना मारणं कायद्यात बसत नाही, असं मी तिला एकदा सांगून बघितलं.

"मग तुमचा कायदा घोणशीला वाचून दावा की, गुरुजी," ती म्हणाली.

तो विषय मी पुन्हा काढला नाही. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. त्या दिवशी फोटो काढायला मीही शेतात गेलो होतो. बावीस काठ्या जमिनीवर धपाधप पडत होत्या. चौथीतली अनुजा मात्र जांभळीखालच्या कोपऱ्यात काठी बाजूला टाकून, नुसतं डोळ्यांनी निरखत एकेक लोंबी उचलत होती. बयाबाईनं ते बघितलं. तरातरा गेली आणि पोरीच्या बोटांवर दोन सणसणीत काठ्या हाणल्या. बोटं बघता बघता सुजली.

"काठी हाणली की दाणं गळत्यात, आज्जी," अनुजा म्हणाली. ती रडत नव्हती.

"दाणं गळूदेत. तुला काय झालं तर तुझ्या आईला काय सांगू?" असं म्हणून तिला दंडाला धरून बयाबाईनं त्या कोपऱ्यातून बाहेर ओढलं.

त्या दोघी शेताच्या मध्यावर पोचल्या असतील, तेवढ्यात बांधाकडं मोठा आवाज झाला. कावळे उडाले. मला वाटलं टायर फुटला, पण तिथं टायर कुठला यायला? बांधावर धूर होता आणि धुरातून भुऱ्या येत होता. त्याचा खालचा जबडा नव्हता. तो शेपटी हलवत बयाबाईकडं चालत आला.

पोरं किंचाळायला लागली. बयाबाई गुडघ्यावर बसली, पदरानं भुऱ्याचे डोळे झाकले आणि कोयता काढला. दोन घाव घालावे लागले. तेवीस पोरांनी ते बघितलं. मी हातात मोबाईल धरून उभा होतो, त्याची आजही लाज वाटते.

बांधावर चरबी आणि कणकेनं बरबटलेली एक चिंधी पडली होती. रानडुकरं मारायला काही लोक असे गावठी बॉम्ब ठेवतात. लिंबाएवढा गोळा, वर खाण्याचा वास. डुकरानं चावला की फुटतो. पाय पडला, काठी पडली तरी फुटतो. बयाबाईनं चिंधी उचलून उलटसुलट बघितली. हिरव्या रंगावर पिवळे ठिपके. ते तिचंच जुनं लुगडं होतं.

पोरांना घरोघर सोडून मी तिच्याकडं गेलो, तेव्हा दिवस मावळत होता. तिचा थोरला लेक, कृष्णात, सोप्यात जेवायला बसला होता. तिनं ती चिंधी त्याच्या ताटात टाकली.

"किती ठिवलतास?"

"कशाचं किती?"

पहिली काठी त्याच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, एक दात ताटात पडला. तो तीस वर्षांचा दांडगा गडी, पण त्यानं हात उचलला नाही. दुसरी खांद्यावर, तिसरी कानावर. मी मधे पडलो नाही. खरं सांगायचं तर तिची काठी हिसकावून मलाच त्याला बडवावंसं वाटत होतं.

"सा," तो म्हणाला. "डुकरं बांधापल्याडचा ऊस ठिवंनात, आई. आनि पोरं पाचला येत्यात. म्या उजडायच्या आदी उचलतो की."

"आज किती उचाललास?"

"चार. दोन घावलं न्हाईत. डुकरानं न्हेलं आसतील आसं वाटलं."

"एक भुऱ्यानं खाल्ला. दुसरा कुठं ठिवलतास?"

"जांभळीखाली. कोपऱ्यात."

तिची उगारलेली काठी खाली आली आणि ती उंबऱ्यावर बसली. सगळ्या शेतात एकच पोरगी काठी न आपटता वेचत होती, नेमकी त्या कोपऱ्यात, आणि बयाबाईनं तिलाच मारलं होतं. अनुजानं तिचं ऐकलं असतं, तर आम्ही काय उचलून आणलं असतं ते बोलून दाखवायची गरज नव्हती.

मी पोलिसांना फोन लावला. बयाबाई जाऊन बांधावर बसली, ती सकाळी पथक येईपर्यंत उठली नाही. गोळा पेंढ्याखाली सापडला. अनुजानं टाकलेली काठी त्याच्यापासून वीतभर अंतरावर होती. पथकानं तो तिथंच फोडला, तेव्हा जांभळीची एका बाजूची साल उडाली. मग त्यांनी सगळं शेत तपासलं.

"आई, सांग की ह्यास्नी, चुकून झालं," पोलिसांच्या गाडीशी कृष्णात म्हणाला. तोंड सुजल्यामुळं त्याचे शब्द नीट फुटत नव्हते.

बयाबाई हवालदाराला म्हणाली, "माझा ल्योक हाय. ह्येनंच ठिवलतं. लिवून घ्या."

त्यानंतर आठ दिवस ती शाळेकडं फिरकली नाही. पोरं पाचला मुकाट घरी जायची. नवव्या दिवशी ती फाटकाशी उभी दिसली. हातात काठी होती, मागं कुत्रा नव्हता. आया येऊन आपापली पोरं दंडाला धरून तिच्यासमोरून घेऊन गेल्या. अनुजा सगळ्यात शेवटी एकटीच बाहेर आली. तिची बोटं अजून काळीनिळी होती.

बयाबाईनं काठी तिच्या हातात दिली आणि आपला उजवा हात फाटकाच्या दगडावर पालथा ठेवला.

"हाण," ती म्हणाली.

अनुजानं माझ्याकडं बघितलं. त्या वेळी तरी मी काहीतरी बोलायला हवं होतं. अनुजानं काठी उचलली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून हाणली. बयाबाईचे डोळे मिटले, हात हलला नाही.

"दोन हाणलत्या म्या तुला," ती म्हणाली. "आजून एक ऱ्हायली."

अनुजानं दुसरीही हाणली, पहिलीइतकीच. बयाबाईच्या बोटांवरून रक्त दगडावर आलं. मग पोरीनं काठी कुंपणापलीकडं फेकली.

"लोंब्या ऱ्हायल्यात आजून, आज्जी," ती म्हणाली, आणि बयाबाईचा तोच हात धरून शेताच्या वाटेला लागली.